चिंब्या, तो बांध तू फोडला नव्हतास

चिंब्या, अकरा वर्षं तुला दिवसातून दहा वेळा 'मेल्या' म्हणत आले. 'मेल्या, उठ वाटेतून.' 'मेल्या, टोपलीत तोंड घालशील तर बघ.' आज सकाळी पडवी झाडताना तुझ्या कोपऱ्यापाशी आले, सवयीनं तोच शब्द ओठावर आला, आणि मी हातातला झाडू तसाच धरून उभी राहिले. मंगळवारी दुपारी तू गेलास. आज शुक्रवार. तीन दिवस त्या कोपऱ्यातली तुझी केसं मी झाडलेली नाहीत, आणि आजही झाडली नाहीत.

तुझ्याशी बोलायचंय. रडगाणं गाणार नाही, ते तुला कधीच आवडलं नाही. मी रडायला लागले की तू उठून गोठ्यामागं जायचास, आणि माझं नाक पुसून झालं की बरोबर परत यायचास. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. सहा वर्षं तुझ्यावर आळ होता. गावाच्या बांधाला खांड पडली, खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं, ते आबांच्या कुत्र्यानं बांध उकरला म्हणून, असं सगळं गाव म्हणायचं. तू काही केलं नव्हतंस. केलं होतं ते मी. हे तुला ठाऊक होतं आणि मला, आणि माझ्या भावाला, जो तोंड उघडणार नाही अशी शपथ खाऊन बसलाय.

तू आलास तोच मुळी चोरी करत. पावसाळ्याची बेगमी म्हणून मी थळला सुकट आणायला गेले होते. तिथल्या कोळीणबाईच्या वाळवणावर तुम्ही चार भावंडं लोळत होतात. बाई म्हणाली, "ने गो यातला एक, माझी मासळी तरी वाचंल." मी म्हटलं, बरं, ठेवा टोपलीत. घरी येऊन टोपली उघडते तर सुकट निम्मी गायब आणि तुझं पोट नगाऱ्यासारखं! सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "सुकट आणाया गेलीस आनि सुकट खाणारा घेऊन आलीस?" तीन दिवस तुझ्या अंगाला सुकटीचा वास येत होता, आणि घरातली मांजर तुझ्यावर जीव टाकून होती.

नाव मात्र आबांनी ठेवलं. माझे सासरे, पासष्टीला टेकलेले तेव्हा, रोज सकाळी काठी घेऊन बांधावर जायचे. चौथ्या दिवशी तू त्यांच्या मागं गेलास, बांधातल्या एका बिळात नाक खुपसलंस आणि नाकाला चिंबोरी, चांगला मुठीएवढा खेकडा, लटकवून केकाटत अख्खा बांध पळत घरी आलास. आबा मागून येत होते ते हसत हसत, मधेच थांबून, गुडघ्यावर हात टेकून. "चिंब्या रं तू, चिंब्या!" झालं. बारशाला घुगऱ्यासुद्धा लागल्या नाहीत.

बाहेरच्या माणसाला आमचा बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग वाटतो. पण आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. मधे तो बांध आहे म्हणून भात पिकतं. तो फुटला की खारं पाणी आत येतं, आणि मग दोन-तीन पावसाळे धुऊन निघाल्याशिवाय त्या जमिनीत दाणा धरत नाही. म्हणून अमावास्या-पुनवेला उधाण आलं की गावातल्या एकेका घरानं पाळीपाळीनं बांध फिरायचा, कुठं पाझर आहे का, बीळ आहे का बघायचं, चिखल थापायचा, ही जुनी रीत. पाळी कुणाचीही असो, आबा जायचेच. चाळीस वर्षं गेले. आणि तू आल्यावर पाच वर्षं तू त्यांच्या पुढं, शेपटी ताठ, जसा काही बांध तुझ्याच वाडवडिलांनी घातलाय.

माझ्या अंगणवाडीत तुझा वेगळाच उद्योग. पोरं खिचडी खायला बसली की तू दारात शहाण्यासारखा बसायचास. कुणी म्हणेल, काय गुणाचं कुत्रं! आणि जाताना कुणाची तरी एक चप्पल उचलून घरी. एकच, जोडीतली एक. रोज संध्याकाळी मी पिशवीत चपला घालून दारोदार वाटत फिरायची. "बाई, आमच्या सोनूची डावी आली का?" असं विचारायला बाया घरी यायच्या. मी तुला झोडपायला हात उगारायची आणि तू पाठीवर पडून चारी पाय वर. मारणार कशी, सांग? मला हसू यायचं आणि तुला ते बरोबर कळायचं. लबाड होतास.

आता ते सांगते.

आबांना जिताडा हा मासा फार आवडतो. आमच्या बाजूला घराशेजारच्या तळ्यात जिताडे पाळायची पद्धत आहे. पाहुणा आला, जावई आला की तळ्यातला जिताडा काढायचा, त्यात घराची शान. आपलं तळं बांधाला लागूनच, पण मी लग्न होऊन आल्यापासून त्यात जिताडा टिकला नाही. आबा बोलायचे नाहीत, पण दुसऱ्याच्या घरी जिताड्याचं कालवण जेवून आले की दोन दिवस त्याच्याच गोष्टी. मला वाईट वाटायचं. आणि मला, तुला माहीत आहे, वाईट वाटलं की मी काहीतरी करून बसते.

आबा चार दिवस माणगावला नणंदेकडे गेले होते. आमचे हे ट्रेलर घेऊन गुजरातेत. माझ्या भावानं सुचवलं, बांधातून एक पाइप टाकू, भरतीच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं आपोआप तळ्यात येतील, बाकीच्या वेळी गोणपाटाचा बोळा कोंबून ठेवायचा. मला पटलं! बांधावर चाळीस वर्षं पहारा करणाऱ्या माणसाच्या सुनेला पटलं. एका दुपारी आम्ही दोघांनी पाइप टाकला, वरून चिखल थापला, शेवाळं लावलं. तू तिथंच बसून बघत होतास, मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मी तुला म्हटलं, "आबांना सांगायचं नाही हं." कसली मजा वाटली होती तेव्हा.

पाइपाभोवतीची माती भुसभुशीत राहिली. तिथं चिंबोऱ्यांनी बिळं केली, पाणी झिरपायला लागलं. ते पहिल्यांदा कुणाला कळलं? तुला. रोज तिथं जाऊन उकरायचास, भुंकायचास, वळून वळून बघायचास. आबांना काय दिसायचं? कुत्रा बांध उकरतोय. एवढंच दिसायचं. "बांध फोडशील, भाड्या!" म्हणून काठी घालायचे, तुझी उकर बुजवायचे, वर नवा चिखल थापायचे. मी पडवीतून बघायची. रोज ठरवायची, उद्या भावाला बोलावते आणि पाइप काढते. त्याला वेळ नव्हता, मला लाज होती, आणि तसाच श्रावण आला.

नारळी पौर्णिमा. दुपारचं मोठं उधाण. आबा पार दुसऱ्या टोकाला, उघाडीच्या, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दाराशी, आणि मी नारळीभाताला नारळ खवत बसलेली. तू आलास तो पोटापर्यंत चिखलात भरलेला, आणि माझा पदर दातात धरून ओढायला लागलास. पदर फाटला. चिंब्या, तू कुठं ओढतोयस ते मला कळलं होतं. अगदी त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी भीतीनं तुला फटका मारला, "गप बस!" म्हणून ओरडले आणि खोबरं खवत राहिले. किती वेळ? वाटी भरेपर्यंत असेल. मग ओरडा ऐकू आला.

चाळीस घरांची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. बायका-पुरुष रांग धरून चिखलाचे गोळे हातोहात देत होते, आणि त्या रांगेत मीही होते. खांड बुजायला तीन दिवस लागले. पाइप पाण्यानं ओढून नेला होता. आठ दिवसांनी तो मला खाडीत तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला. मी तो घरी आणला आणि आपल्या मोरीच्या मागं बसवला. सांडपाणी जातं त्यातून. आबा रोज शेतावरून येऊन त्याच मोरीत पाय धुतात. असली बाई मी.

गावकी देवळात बसली. कुणीतरी म्हणालं, "आबांचा कुत्रा तिथंच उकरत व्हता, आमी सगल्यांनी बघलाय." आबा उठले. टोपी काढली. हात जोडले. "व्हय. कुत्रा माझा. चुकी माझी." मी बायकांत बसले होते. फाटलेल्या पदराचं टोक मुठीत धरून बसले होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. आबांनी त्या दिवशी खाली घातलेली मान मला अजून दिसते.

त्यानंतर तुझं बांधावर जायचं बंद. उधाणाच्या दिवशी गळ्यात साखळी. आबा एकटे जायचे आणि तू अंगणातल्या भेंडीच्या मोठ्या झाडापाशी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभा राहायचास. पोरं खडे मारायची. हिरामावशीनं तर तिच्या दारावरून गेलास म्हणून उकळतं पाणी फेकलं होतं, तिचं सगळं शेत खारवलं होतं ना. पाठीवरचा तो डाग कधी भरला नाही. मी हळद-तेल लावायची आणि तू माझा हात चाटायचास. माझाच! अरे, दुसऱ्या कुणाचा चाटायचास तरी मला सोपं गेलं असतं.

आणि आबा. त्यांनी तुला उपाशी कधी ठेवलं नाही. माशाचं डोकं तुझ्यासाठी काढून ठेवायचे. पण तुझ्याशी बोलायचे नाहीत. सहा वर्षं अबोला. तू त्यांच्या पायाशी जाऊन बसलास तर पाय हलवायचे नाहीत, पण हातही ठेवायचे नाहीत. मी भाकऱ्या थापताना तू चुलीपाशी येऊन माझ्याकडे बघत बसायचास आणि आपलं भांडण सुरू व्हायचं. "काय बघतोस? सांगेन म्हटलं ना. माझ्या लेकीची, सायलीची बारावी होऊ दे." मग सायलीचं कॉलेज होऊ दे. मग आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. तू जांभई देऊन झोपायचास. त्या भांडणात तू एकदाही जिंकला नाहीस, कारण मीच दोन्ही बाजूंनी बोलायची.

या उन्हाळ्यात तुझं खाणं सुटलं. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं गेली, वय झालंय, त्रास होऊ देऊ नका, घरी न्या. घरी आणलं. मंगळवारी दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. तू कसाबसा उठलास, माझ्याजवळ आलास आणि माझ्या पावलावर हनुवटी ठेवलीस. मी म्हटलं, "जड झालास रे मेल्या." मग तू जास्तच जड झालास. मी पाय तसाच ठेवला. मुंग्या आल्या तरी काढला नाही.

आबांनी भेंडीखाली खड्डा खणला. शहात्तर वर्षांचा माणूस, कुणाला कुदळ धरू दिली नाही. तुझ्या गळ्यातला साखळीचा पट्टा त्यांनी स्वतः काढला. तुला माझ्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं, मी फुलं वाहिली, आणि मग तुझ्याकडं बघत ते सहा वर्षांत पहिल्यांदा तुझ्याबद्दल बोलले. "चांगला व्हता. येक चूक सोडली, तर लय चांगला व्हता."

येक चूक सोडली तर! चिंब्या, तुझ्यावर माती पडणार होती आणि तिच्याबरोबर हे वाक्यही. मला नाही सहन झालं. मी म्हटलं, "आबा, ती चूक त्याची नव्हती." आणि सगळं बोलले. पाइप, बोळा, माणगावचे चार दिवस, फाटलेला पदर, मोरी. सगळं. तुझ्या डोक्याशी बसून बोलले, म्हटलं तू तरी ऐकतोयस.

आबा खड्ड्याच्या कडेला खाली बसले. म्हणाले, "कशापायी केलंस गो?"

"तुम्हाला जिताडा आवडतो म्हणून."

मग म्हणाले, "आला का येक तरी?"

"नाही. नुसत्या चिंबोऱ्या आल्या."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत. हसतही होते, पण डोळ्यांतून धार लागलेली. मग खड्ड्यात वाकून त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, कानामागं, तुला आवडायचं तिथं. "मना ठाव नव्हतं रं," म्हणाले. किती तरी वेळा म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून माती लोटली.

बुधवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, पण बोलले नाहीत. मी समजले, आता अबोल्याची पाळी माझी, आणि ती मला मंजूर होती. यांना फोनवर सांगितलं तर पलीकडून नुसता गाडीचा आवाज, आणि मग, "आबा काय म्हणतील ते." गुरुवारी सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, काठी घेतली आणि मला म्हणाले, "चल."

पहिलं घर शेजारचंच. दारात उभे राहून आबांनी सांगितलं, "आमच्या चिंब्यानं बांध फोडला नव्हता. बांधात पाइप व्हता. तो आमच्या घरचा व्हता." एवढंच. चहा नको, बसायला नको. दुसरं घर, तिसरं घर. प्रत्येक ठिकाणी तेच, शब्दाला शब्द. आमच्या घरचा. माझं नाव कुठंही घेतलं नाही. मी मागं उभी. कुणी पाठ फिरवून आत गेलं, कुणी "जाऊ द्या आबा, झालं गेलं" म्हणालं. एका घरी "तरीच!" ऐकू आलं. आबा पुढच्या दाराकडं चालू लागायचे. गुडघे दुखत होते त्यांचे, मला दिसत होतं.

हिरामावशीचं घर आलं. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आबांनी सांगितलं. ती उठून उभी राहिली. "घरचा म्हणजे कुनाचा, आबा?" आबांनी तोंड उघडलं, आणि मला कळलं की आता हा माणूस स्वतःचं नाव सांगणार. देवळात सांगितलं होतं तसंच.

"माझा," मी म्हटलं. "पाइप मी टाकला, मावशी. तुमचं शेत माझ्यामुळं खारवलं. चिंब्या मला सांगायला आला होता, मी ऐकलं नाही."

मावशी मला खूप बोलली. ते तुला सांगत नाही, ते माझं आहे. बोलून झाल्यावर ती मिरच्यांकडं बघत म्हणाली, "मी गरम पानी टाकलं व्हतं त्याच्यावर." आणि मग एकदम चिडून, "पन आता तो गेला ना, आबा? आता दारोदार सांगून कुनाचं काय व्हनार हाय?"

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. म्हणाले, "जिता व्हता तवा त्याचं त्याला ठाव व्हतं. आता ते खरं जपायला कोन हाय? आता तुमालाच ठाव पायजे."

मावशीनं मिरचीचा हात पदराला पुसला, दारातली चप्पल पायात घातली आणि आमच्याबरोबर पुढच्या घरी आली. तिथून पुढची घरं मी सांगितली, चिंब्या. सगळी. शेवटच्या घरापर्यंत आबा माझ्या मागं उभे होते.